रोपांच्या आधी आराखडा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या बेळगाव जिल्ह्यात रोपवाटपाची लगबग सुरू होते. वनखात्याच्या रोपवाटिकांतून टेम्पो भरभरून रोपे निघतात, शाळांच्या आवारांत, गायरानांत आणि रस्त्यांच्या कडेला खड्डे पडतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत, आपल्याही, एका रोपाला हात लावून उभ्या असलेल्या आठ-दहा मान्यवरांची छायाचित्रे छापून येतात. या उत्साहाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागांतील ज्या शेतकऱ्याला आपल्या जमिनीच्या एखाद्या तुकड्यावर खरोखर झाडे उभी करायची आहेत, किंवा ज्या गावाला आपल्या उघड्या डोंगरावर पुन्हा रान आणायचे आहे, त्याला रोप हातात पडण्यापूर्वी ज्या मदतीची गरज असते ती देणारी व्यवस्था आज आपल्याकडे नाही. जमीन पायाखाली घालून, मालकाशी निवांत बसून, या जागेत काय येईल आणि काय येणार नाही, कधी लावावे, उन्हाळ्यात पाणी कोण घालणार आणि पुढे झाड तोडायची वेळ आली तर कोणते कागद लागतील, हे त्याला कळेल अशा भाषेत लिहून देणे, एवढीच ती मदत आहे. हा विषय आपल्या वाचकांपुढे व संबंधित खात्यांपुढे यावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आपला जिल्हा एका मापाने मोजण्यासारखा नाही. कणकुंबी-आमगावकडे वर्षाला चार हजार मिलीमीटरच्या वर पाऊस कोसळतो, बेळगाव शहरात तो बाराशे-तेराशेवर येतो आणि अथणीकडे पाच-सहाशेवर थांबतो. पश्चिमेला जांभ्याची तांबडी, उताराची जमीन, तर पूर्वेला खोल काळी. पश्चिमेला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चिखल होतो, पूर्वेला मात्र मृगाचा पाऊस हुलकावणी देतो आणि खरा भरवशाचा पाऊस सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर पडतो. असे असूनही रोपे लावण्याचा मुहूर्त सगळीकडे एकच, 5 जूनचा पर्यावरण दिन, फार तर जुलैच्या पहिल्या आठवड्यातला वनमहोत्सव. कन्हैयालाल मुन्शी यांनी 1950 मध्ये वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली, तेव्हा देशभराला चालेल असा एक आठवडा ठरवणे भाग होते. आज तालुकानिहाय पावसाचे आकडे सरकारकडेच असताना अथणीच्या शेतकऱ्याने जूनमध्ये कोरड्या ढेकळांत रोप खोचावे, असा आग्रह कशासाठी, हे समजत नाही. त्या भागात खड्डे उन्हाळ्यात खणून तापू द्यावेत आणि लागवड ऑगस्टच्या अखेरीपासून ओल पाहून करावी, हे तिथला कोणताही जुना शेतकरी सांगेल, पण त्याला विचारतो कोण?

लावलेल्या रोपांचे पुढे काय होते, हे पाहायचे असेल तर लागवडीनंतरच्या फेब्रुवारीत त्या जागी जावे. आमच्या परिसरातील एका गायरानात वाळलेली रोपे हाताने उपटून पाहिली, तेव्हा निम्म्याहून अधिक रोपांच्या मुळांभोवती प्लॅस्टिकची काळी पिशवी जशीच्या तशी होती. पिशवी ब्लेडने उभी चिरून काढायला एका रोपामागे अर्धे मिनिट लागते, पण कार्यक्रमाच्या घाईत मजुरांना तेवढाही वेळ दिला गेला नव्हता. ज्यांची पिशवी काढली होती, त्यांतील काहींचे सोटमूळ तळाशी जाऊन घड्याळाच्या कमानीसारखे गोल गुंडाळलेले होते, कारण रोप पिशवीत दोन वर्षे राहिले होते. असे मूळ जमिनीत गेल्यावर सरळ होत नाही. लावताना तळाचा बोटभर गुंता कापून टाकला तरच नवे मूळ खाली उतरते, नाहीतर झाड चार-पाच वर्षे बरे दिसते आणि एखाद्या वळवाच्या वाऱ्यात मुळासकट आडवे होते. या साध्या गोष्टी सांगण्यासाठी शास्त्रज्ञ लागत नाही, मात्र कोणीतरी जागेवर असावे लागते.

खानापूर तालुक्यातील मालकीच्या डोंगरउतारांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तिथे लागवडीपेक्षाही शहाणा मार्ग उपलब्ध आहे आणि तो सहसा कोणी सुचवत नाही. जांबोटी, गुंजी, लोंढा या पट्ट्यात अनेकांकडे भातशेतीच्या वर चार-सहा एकरांचा उतार असतो. वर्षानुवर्षे लाकूड, खतासाठी पाला आणि वैरण काढल्यामुळे तो वरवर बोडका दिसतो, पण वाकून पाहिले तर गवतात ऐन, किंजळ, धावडा, कुंभा, जांभूळ यांचे जिवंत खुंट दडलेले असतात. दर पावसाळ्यात त्यांना फुटवे येतात, दर उन्हाळ्यात गुरे ते खातात किंवा वणव्यात ते करपतात. अशा जमिनीवर यंत्राने खड्डे मारून अकेशिया लावणे म्हणजे असलेले रान मोडून नसलेले आणणे होय. त्याऐवजी आधी खुंट मोजावेत. एकरी शंभर-दीडशे जिवंत खुंट सापडले तर त्या उतारावर रोप लावण्याची मुळी गरजच नाही. प्रत्येक खुंटावरचे एक-दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे छाटावेत, तीन-चार वर्षे चराई बंद ठेवावी, डिसेंबर-जानेवारीत गवत कापून घ्यावे आणि वणवा आत शिरू नये म्हणून बांधाच्या आतून दहा फूट रुंदीची जाळरेषा साफ करावी. मुळे आधीच खोल गेलेली असल्याने हे फुटवे पाण्यावाचून उन्हाळा काढतात आणि चार वर्षांत डोक्यावर जातात. मधल्या मोकळ्या जागांत हिरडा, बेहडा, आवळा, फणस, शिवण अशी थोडी भर घातली की झाले. ज्यांना रोकड उत्पन्न हवे त्यांनी खालच्या, खोल मातीच्या कडेला वेंगुर्ला-4 किंवा वेंगुर्ला-7 जातीची काजूची कलमे सात-आठ मीटरवर घालावीत, ओहोळाच्या काठाला बिनकाट्याचा माणगा बांबू लावावा. मात्र काजूसाठी वरचा सगळा उतार साफ करणे, जे हल्ली चंदगडपासून आपल्याकडे सरकत आले आहे, त्याने खालच्या विहिरींचे पाणी आटते, हा अनुभव गावोगावी ऐकायला मिळतो.

याच तालुक्यात चोर्ला-कणकुंबीकडे जे कातळाचे सडे आहेत, तिथे झाडे लावूच नयेत. मार्च महिन्यात ते सडे ओसाड दिसतात म्हणून उत्साही मंडळी तिथे सुरूंग लावून खड्डे पाडण्याच्या गोष्टी करतात. वीतभर मातीच्या त्या थरावर पावसाळ्यात सोनकी आणि सीतेच्या आसवांसारख्या कीटक खाणाऱ्या वनस्पती उगवतात, त्यांना सावली सोसत नाही, आणि कातळाच्या भेगांतून मुरलेले पाणीच खाली मलप्रभेच्या व म्हादईच्या झऱ्यांना मिळते. मोकळी जागा दिसली की ती रिकामीच आहे असे धरून चालणे, ही आपल्या साऱ्या वनीकरणाची जुनी खोड आहे.

आता रोपवाटिकेकडे वळतो. शेतकरी जूनमध्ये जातो आणि तिथे जे असेल ते घेऊन येतो. साग, सिल्व्हर ओक, कडुलिंब, करंज हे बहुधा मिळते. पण ऐन, किंजळ, हिरडा, बेहडा, वावळ, हेदू मागितले तर ‘यंदा नाही’ असे उत्तर मिळते. दोष कर्मचाऱ्यांचा नाही, कारण मागणीच त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचलेली नसते. जांभळाचे उदाहरण घ्या. जांभळे मे-जूनमध्ये गळतात आणि त्यांची बी पंधरा-वीस दिवसांत निकामी होऊ लागते, साठवून ठेवता येत नाही. फणसाचेही तेच. म्हणजे पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये हातभर उंचीचे जांभळाचे रोप हवे असेल, तर या वर्षीच्या जूनमध्येच बी पिशवीत पडायला हवी. याउलट हिरड्याची अठळी इतकी टणक की शेणकाल्यात किंवा पाण्यात काही दिवस भिजवल्याशिवाय ती रुजायला महिने घेते. सागाच्या बियांना आळीपाळीने भिजवून वाळवावे लागते. अशा निरनिराळ्या तऱ्हा सांभाळायच्या तर रोपवाटिकेला किमान एक वर्ष आधी, कोणत्या गावाला कोणती किती रोपे हवीत याची यादी मिळाली पाहिजे. ती यादी आराखड्यातूनच निघू शकते. गावातील बचतगटांनी स्थानिक झाडांचे बी गोळा करून घराच्या परसात दोन-तीन हजार रोपांची वाटिका केली, आणि खात्याने ती रोपे विकत घेण्याची हमी आधी दिली, तर हा प्रश्न अर्धा सुटेल.

पैशाच्या आणि कागदाच्या बाबतीत आपल्या भागातील मराठी शेतकऱ्याची जी कुतरओढ होते, ती बाहेरच्यांना सहसा कळत नाही. मराठीतून शेतीची जी मासिके, पुरवण्या आणि मोबाईलवरचे व्हिडिओ तो पाहतो ते महाराष्ट्रातून येतात. त्यांत भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेची माहिती असते, महाराष्ट्रातील बांबू अनुदानाचे दर असतात, तिथल्या वृक्षतोडीचे नियम असतात. हे सारे वाचून तो कागद गोळा करतो आणि तालुक्याला गेल्यावर त्याला कळते की आपला उतारा कर्नाटकाचा असल्याने यातील काहीच आपल्याला लागू नाही. जे लागू आहे त्याची परिपत्रके आणि अर्ज कन्नडमध्ये असतात, ते त्याच्या मुलाला वाचता येतात, पण त्याला स्वतःला पुरते उमगत नाहीत. धड इकडचे नाही, धड तिकडचे नाही, अशी त्याची स्थिती होते आणि शेवटी तो नाद सोडतो.

वास्तविक कर्नाटक वनखात्याची कृषी अरण्य प्रोत्साहन योजना 2011-12 पासून चालू आहे आणि ती वाईट नाही. शेतकऱ्याने उतारा, बँक पासबुक व छायाचित्र देऊन आपल्या परिक्षेत्र वनाधिकाऱ्याच्या कार्यालयात नोंदणी करायची, सवलतीच्या दरात रोपे घ्यायची आणि लावायची. त्यानंतर पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस अधिकारी येऊन जगलेली रोपे मोजतात व त्या प्रमाणात रक्कम खात्यावर जमा होते. हेक्टरी 400 रोपांपर्यंत हा लाभ मिळतो आणि तीन वर्षांचे मिळून जगलेल्या रोपामागे 125 रुपये पडतात. लावण्याचे नव्हे, जगवण्याचे पैसे देणारी ही पद्धत मला योग्य वाटते. हेक्टरी 400 म्हणजे पाच मीटरवर एक झाड, एकरी 160, म्हणजे मधल्या पट्ट्यात पहिली काही वर्षे नाचणी, भुईमूग, तूर घेता येते. परंतु नीलगिरी, अकेशिया, सिल्व्हर ओक, सुरू यांसारखी झाडे या प्रोत्साहन रकमेत बसत नाहीत, ही गोष्ट अनेकांना रोपे लावून झाल्यावर समजते. नीलगिरीच्या नव्या लागवडीवर तर राज्य सरकारने 2017 मध्येच बंदी घातली आहे, तरीही खाजगी रोपवाल्यांकडून ती आजही शेतकऱ्याच्या गळ्यात मारली जाते.

तोडणीचा कायदा आणखी वेगळा. कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा 1976 नुसार खाजगी जमिनीतील झाड तोडण्यासाठीही वृक्षाधिकाऱ्याची परवानगी लागते. सिल्व्हर ओक, सुरू, सुबाभूळ, नारळ अशा काही झाडांना त्यातून सूट आहे. म्हणजे ज्या झाडांना प्रोत्साहन रक्कम नाही त्यांतील काहींना तोडणीची सूट आहे आणि ज्यांना रक्कम मिळते त्यांतील अनेकांच्या तोडणीला परवाना हवा. यात विसंगती नाही, दोन्ही नियमांचे हेतू वेगळे आहेत, पण मुलीच्या लग्नाला किंवा घराच्या आढ्याला लाकूड होईल म्हणून लावणाऱ्याला हे लावतानाच समजले पाहिजे. बांबूचे तसे नाही. केंद्राने 2017 मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती करून वनाबाहेरील बांबूला झाडाच्या व्याख्येतून वगळले, पण आपल्या राज्यात त्याबाबत काय नियम आहे, हे वनकार्यालयात विचारूनच शेतातील बांबू तोडावा. चंदनाच्या बाबतीत 2001 च्या राज्य दुरुस्तीने जमीनमालकाचा झाडावरचा हक्क मान्य केला. साग, शिसवी असलेल्या जुन्या जमिनींत झाडावरचा हक्क कोणाच्या नावे आहे हे उताऱ्यावर व जुन्या फेरफारात तपासूनच पुढे जावे.

चंदनाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो. गेल्या काही वर्षांत चंदन, महोगनी, मलबार कडुनिंब, अगर यांची रोपे विकणारे दलाल गावोगाव फिरत आहेत. बारा वर्षांत एकरी कोटी, असा त्यांच्या छापील पत्रकांतील हिशेब असतो. चंदन हे अर्धपरोपजीवी झाड आहे, ते दुसऱ्या झाडाच्या मुळांतून पाणी व अन्न घेते. त्यामुळे तूर, शेवरी, करंज, सुरू यांसारखा सोबती शेजारी नसेल तर ते खुरटते, आणि पुढे गाभा धरू लागले की चोरांपासून राखावे लागते. हे त्या पत्रकात कुठेही नसते. माझ्या नात्यातील एका शेतकऱ्याने अशाच एका विक्रेत्याकडून दोनशे रुपयांना एक अशी रोपे घेतली, शेजारी सोबतीचे झाड एकही लावले नाही, कारण ते लावायचे असते हे त्याला सांगितलेच नव्हते. तिसऱ्या वर्षी कमरेच्या वर एकही झाड गेले नव्हते आणि विक्रेत्याचा फोन बंद होता. हल्ली ‘झाडे हवेतला कार्बन शोषतात, त्याचे पैसे मिळवून देतो’ म्हणून वीस-तीस वर्षांच्या करारावर सही मागणारेही येऊ लागले आहेत. करार इंग्रजीत, माहिती तोंडी. जमीन विकायची झाली, वाटणी झाली किंवा झाडे जळाली तर काय, हे वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नये.

सामूहिक जमिनीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. गायरान म्हणजे ग्रामपंचायतीची पडीक जागा असे समजून तिथे सरसकट झाडे लावण्याचे ठराव होतात. कर्नाटक जमीन महसूल नियम 1966 मधील 97 वा नियम गावातील दर 100 जनावरांमागे 12 हेक्टर जमीन मोफत चराईसाठी राखायला सांगतो. अतिक्रमणे, घरकुले आणि सरकारी इमारती यांत ही जमीन आधीच आक्रसली आहे. उरलेल्या तुकड्याला तारेचे कुंपण घालून आत रोपे लावली, की गवळी धनगरांची आणि गावातील भूमिहीनांची गुरे जाणार कुठे? ती कुंपण तोडून आत जातात, रोपे खातात आणि मग गावात दोन तट पडतात. यावर उपाय आहे. सगळे गायरान एकदम बंद न करता त्याचे तीन-चार भाग करावेत, एका वेळी एकच भाग राखावा, तिथे झाडांच्या जोडीला पवना, मारवेल यांसारख्या गवतांचे बी टाकावे आणि गवत कापून नेण्याचा हक्क ज्यांची चराई बंद झाली त्यांनाच द्यावा. चौथ्या वर्षी पहिला भाग गुरांना खुला होतो, कारण तोवर झाडांचे शेंडे त्यांच्या तोंडाच्या वर गेलेले असतात. कोणता भाग आधी राखायचा हे धनगरवाड्यावर बसून ठरवावे, पंचायतीच्या कार्यालयात नव्हे.

आणि पाणी. पाचशे रोपे लावल्याची बातमी देणाऱ्याने पाण्याचा हिशेब कधी दिल्याचे पाहण्यात नाही. पूर्वेकडील तालुक्यांत 400 रोपांना आठवड्याला एकदा प्रत्येकी 10 लिटर पाणी घालायचे म्हटले, तर आठवड्याला 4000 लिटर, म्हणजे एक टँकर लागतो, आणि जानेवारी ते मे अखेर असे वीस-एकवीस टँकर होतात. हे किमान दोन उन्हाळे करावे लागते. ज्या गावाला दोन उन्हाळ्यांत चाळीस टँकरांची तजवीज करता येत नाही त्याने 400 ऐवजी 60 रोपे लावावीत. राज्यात ज्यांच्या नावाने वृक्षोद्याने उभी राहिली त्या सालुमरद तिम्मक्का यांनी हुलिकल ते कुदूर रस्त्यावर 385 वड वाढवले, असे आपण भाषणांत सांगतो. ते वड त्यांनी आणि त्यांच्या पतीने लांबून घागरी वाहून जगवले, हा त्यातला खरा भाग मात्र भाषणात एका वाक्यात उरकला जातो. वड, पिंपळ, उंबर यांच्या बाबतीत तर रोपाचीही गरज नाही. मनगटाएवढ्या जाडीचा, पुरुषभर उंचीचा वडाचा फोक पावसाच्या तोंडावर हात-दीड हात खोल रोवला आणि वरच्या टोकाला शेण थापले, की गुरांच्या तोंडी न लागता तो फुटतो. खर्च शून्य.

चिकोडी, रायबाग, अथणी, कागवाड या उसाच्या पट्ट्याविषयी थोडक्यातच लिहितो. तिथे सलग रान होणार नाही, कोणी ऊस काढून झाडे लावणार नाही आणि तशी अपेक्षाही धरू नये. पण बांध, ओढ्याकाठ, विहिरीचा परिसर आणि अतिपाण्याने चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट, झालेले कृष्णाकाठचे तुकडे ही चार ठिकाणे झाडांची आहेत. चोपण जमिनीत करंज, अर्जुनसादडा आणि आपली देशी बाभूळ तग धरतात. तिथे आधी चर काढून पाण्याचा निचरा करावा लागतो. बांधावरच्या झाडाच्या सावलीने शेजाऱ्याचा ऊस मार खातो आणि भाऊबंदकी पेटते, म्हणून उंच झाडे शेताच्या उत्तर बांधावर घ्यावीत की दक्षिण, हे दोन्ही मालकांनी एकत्र बसून ठरवावे. सूर्य वर्षाचा बराच काळ दक्षिणेकडे असल्याने सावली उत्तरेला पडते, एवढे ध्यानात ठेवले तर अर्धी भांडणे टळतील.

हे सगळे करायला नवे महामंडळ नको. वनखात्याची परिक्षेत्र कार्यालये तालुक्यांत आहेत, जिल्हा पंचायतीकडे सामाजिक अरण्य विभाग आहे, होबळीला, म्हणजे तालुक्याखालच्या काही गावांच्या गटाला, कृषी खात्याचे रयत संपर्क केंद्र आहे, तुक्कानट्टी आणि मत्तीकोप येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत आणि धारवाड कृषी विद्यापीठाचे वनविद्या महाविद्यालय शिरसीत आहे. यांपैकी प्रत्येकाकडे माहितीचा एकेक तुकडा आहे, शेतकऱ्याला मात्र पाच दारे फिरावी लागतात. जुलै ते सप्टेंबर या काळात प्रत्येक होबळीत आठवड्यातून एक दिवस वन, कृषी व महसूल या तीन खात्यांचा एकेक माणूस एका टेबलावर बसला, आलेल्या शेतकऱ्यांची जमीन ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाऊन पाहिली आणि डिसेंबर अखेरीस प्रत्येकाला दोन पानांचा आराखडा हातात दिला, तर पुढच्या जूनसाठी रोपवाटिकेला मागणीही वेळेत कळेल आणि खड्डे खणण्याचे काम रोजगार हमीत धरायचे असेल तर तेही कृती आराखड्यात बसवता येईल. शिरसीच्या विद्यार्थ्यांना एका हंगामासाठी या कामाला जोडून घेतले तर त्यांचाही फायदा होईल. गायरानाचा किंवा ग्राम अरण्य समितीच्या जागेचा आराखडा मात्र ग्रामसभेत वाचून दाखवावा, आणि फळे, गवत, लाकूड यांचे वाटप कसे होणार हे रोप लावण्यापूर्वीच ठरावात लिहावे. ज्या गावांचे 2006 च्या वनहक्क कायद्याखालील सामूहिक दावे प्रलंबित आहेत, तिथे हे आणखी जपून करावे, नाहीतर वनीकरणाच्या नावाखाली लोकांचाच हक्क बुडायचा.

भाषेची मागणी मी वादासाठी करत नाही. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण 15 टक्के वा त्याहून अधिक आहे, तिथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हे देशपातळीवर मान्य झालेले संरक्षण आहे. आराखडा कन्नड आणि मराठी दोन्हींत दिला तर वनरक्षकालाही तो वाचता येईल आणि ज्याच्या जमिनीवर झाडे वाढायची आहेत त्यालाही.

तेव्हा आपल्या वृत्तपत्रातून जिल्ह्याच्या वनाधिकाऱ्यांना तीन गोष्टींचा खुलासा करण्याची विनंती करावी. येत्या हंगामात कोणत्या रोपवाटिकेत कोणत्या जातींची किती रोपे तयार आहेत, ही यादी मराठीत केव्हा प्रसिद्ध होईल? प्रोत्साहन योजनेत बसणाऱ्या व न बसणाऱ्या झाडांची आणि तोडणीच्या परवान्यातून सूट असलेल्या झाडांची यादी ग्रामपंचायतींच्या फलकावर लावता येईल काय? आणि गेल्या तीन वर्षांत ज्या गायरानांत लागवड झाली, तिथे आज किती झाडे जिवंत आहेत, याची गावनिहाय मोजणी करून ती त्या त्या ग्रामसभेपुढे ठेवली जाईल काय?

आपला,
एक शेतकरी वाचक
नंदगड परिसर, ता. खानापूर, जि. बेळगाव